डिस्चार्ज दिला की दवाखान्याचं काम संपलं का?

उसाची_मोळी: काल इथं वॉर्डात सिस्टर असलेल्या एका ताईंनी लिहिलं, "नातेवाइकांना कितीही समजावा, लक्ष मोबाइलमध्ये. मग रात्री 11 ला वॉर्डात फोन." डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

वडिलांना पक्षाघात. मिरजेत 11 दिवस. डिस्चार्जच्या दिवशी सकाळपासून मी बिलाच्या खिडकीशी. साडेचारला कार्ड हातात आणि लगेच "बेड रिकामा करा". नाकातल्या नळीचं सिस्टरनं दोन मिनिटांत तोंडी सांगितलं, तेही मी मेडिकलला गेलेलो असताना. ऐकलं आईनं. आईला ऐकू कमी येतं. तासगावला पोचलो, पहिल्याच रात्री वडील आडवे असताना नळीतून पेज सोडली. ठसका, रात्रभर खोकला. बसतं करून द्यायचं, नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं, हे तिसऱ्या दिवशी गावातल्या कंपाउंडरनं सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलायची हे कळलं ते माकडहाडाशी जखम झाल्यावर.

मोबाइल कुणाच्या हातात होता, ताई?

रात्रपाळी: ती ताई मीच. वडिलांचं वाईट वाटलं. पण नळी दाखवायला बोलावलं की पाच जण येतात आणि घरी करणारी सून गावाकडं असते. मी दाखवते जावयाला, तो संध्याकाळी पुण्याला. "घरी कोण करणार?" विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं.

उसाची_मोळी: मग करणाऱ्या माणसाला घेऊन या, असं आदल्या दिवशी सांगा.

रात्रपाळी: डिस्चार्ज आहे हे आम्हालाच सकाळच्या राउंडला कळतं!

जतचा_पावणा: आणि कार्ड इंग्रजीत. आमच्या आजीला कन्नडशिवाय काही येत नाही. गोळीपुढं BD, म्हणजे दिवसातून दोनदा. नातवानं मोठ्यानं वाचलं "बीडी", आजोबा खूश, म्हणे डॉक्टरनं ओढायला परवानगी दिली. हसू नका. बीपीची जुनी गोळी आणि नवी गोळी नावानं वेगळी, औषध एकच. आजी दोन्ही घेत होती. न्हाणीत चक्कर येऊन पडली.

विश्रामबागी_काका: मूळ रोग कुणीच बोलत नाही. भेटायला येणारे! माझ्या बायपासनंतर नऊ दिवसांत 27 शहाळी आली, मोजलीत. प्रत्येकाला ऑपरेशन पहिल्यापासून सांगायचं. आणि प्रत्येकाच्या ओळखीत असाच एक जण, जो "बरा होता हो, अचानक गेला".

रात्रपाळी: काका, लाखातलं बोललात. किडनीच्या पेशंटलाही शहाळं पाजतात. पोटॅशियम वाढतं, परत आमच्याकडं.

कवठ्याची_माई: येणाऱ्यांना नावं ठेवू नका. मिस्टर अंथरुणावर होते तेव्हा शेजारीण रोज तासभर बसायची. त्या तासात मी आंघोळ करायचे, दळण आणायचे. तुमच्याकडं बायको चहा करत असणार, म्हणून शहाळी मोजायला वेळ मिळाला.

विश्रामबागी_काका: माझ्या बायकोवर यायचं काम नाही.

कवठ्याची_माई: तिच्यावर नाही, तुमच्यावर आले. 27 शहाळी फोडली कुणी?

विश्रामबागी_काका: …तिनंच. पण शेजारीण वेगळी आणि फोटो काढायला येणारा भाचा वेगळा, एवढं तरी मान्य करा.

कवठ्याची_माई: भाचा मान्य.

उसाची_मोळी: शहाळ्यांचा धागा वेगळा काढा की! बाळंतीण सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला गाडी मिळते. बाळाला बघायला आशाताई 42 दिवसांत सहा वेळा येते. म्हाताऱ्याला कोण येतं? 108 न्यायला येते, परत आणायला भाड्याची ओम्नी.

आशा_वर्कर: हेही आमच्याच डोक्यावर घाला. मानधन तुम्ही देताय का?

उसाची_मोळी: तुम्हाला बोललो नाही ओ.

आशा_वर्कर: शेवटी कागद आमच्याच हातात येतो. बरं, वडील आयुष्मान योजनेत होते का? त्यात डिस्चार्जनंतर 15 दिवसांचा खर्च धरलेला असतो. औषधं मागितलीत?

उसाची_मोळी: नाही. कुणी सांगितलंच नाही.

जतचा_पावणा: घ्या!

रात्रपाळी: ठीक आहे, दोन मिनिटांत तोंडी सांगणं म्हणजे शिकवणं नव्हे, मान्य. आमच्यातली कुणी असली तरी. पुढच्या वेळी नातेवाइकाच्याच हातानं एकदा पेज सोडून घेईन. पण मग तोवर बाकीचा वॉर्ड तुम्ही सांभाळा.

उसाची_मोळी: सांभाळतो. जखम अजून ओली आहे, वास येतोय. फोन केला तर चालेल?

रात्रपाळी: वास येतोय तर फोन कसला, उद्या सकाळी ओपीडीला आणा. आणि येताना आईला नको, जो ड्रेसिंग करणार त्याला आणा.

उसाची_मोळी: ड्रेसिंग आईच करते.