पाळणाघर बंद, फी चालू : बडोदेकरांनो, तुमच्याकडे काय पद्धत?

आमचं पाळणाघर धनतेरसला बंद होतं ते लाभपाचमला (कार्तिक शुद्ध पंचमी) उघडतं. फी मात्र अख्ख्या महिन्याची. जानेवारीतही तेच, १४ ला उत्तरायण (आपली संक्रांत), १५ ला वासी उत्तरायण (त्याचा दुसरा दिवस). नवरा म्हणतो पैसे कापून घे, मला मागायला जीव होत नाही. तुमचे अनुभव लिहा. पाळणाघराचं नाव नको, भाग पुरे.

मांजलपूर
ठरलेल्या सुट्ट्यांचे पैसे द्यावेतच. मे महिन्यात शाळेकडे कोणी फी परत मागतं का? मला राग येतो तो आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या 'उद्या बंद'चा. कारण विचारावं तर घरी लग्न! लग्न काय रात्रीत ठरतं? मग सासूबाई सकाळी दांडियाबाजारातून रिक्षानं येतात. त्या दिवसाची फी जाते, वर रिक्षाभाडं.

कारेलीबाग
ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या सुट्टीला लागूनच विश्वामित्री नदीचा पूर आला. पाळणाघर तळमजल्यावर, गाद्या-खेळणी सगळी गेली, पुढे बरेच दिवस उघडलंच नाही. ताईंनी फीचा विषय काढला नाही. आम्ही काहीजणांनी आपणहून निम्मी दिली, कारण मावश्यांचा पगार थांबला असता. एका जोडप्यानं नाही दिली. त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं, गाडी बंद पडलेली. त्यांना कुठल्या तोंडानं बोलणार? पुरासारख्या वेळी काय करायचं हे प्रवेशाच्या कागदावरच असायला हवं, नाहीतर भीड असलेला माणूस भरतो आणि बाकीचे गप्प बसतात.

गोत्री (मी पाळणाघर चालवते)
बंद दिवशी माझं वाचतं काय? दूध, भाजी, थोडा गॅस. भाडं आणि मावश्यांचे पगार तसेच. म्हणून मी जेवणखाण वेगळं लावते आणि बंद दिवसांचं तेवढंच वजा करते. सुट्ट्यांची यादी प्रवेशालाच हातात देते : उत्तरायण, धुळेटी (धुळवड), रक्षाबंधन, दिवाळी, गणपतीचा पहिला दिवस आणि गौरीजेवण. (मावश्या गुजराती, त्यांना गौरींचं काही नाही. ती सुट्टी माझी!) यादीबाहेर मी बंद ठेवलं तर पूर्ण दिवसाचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करते. मूल आलं नाही तर मात्र कापत नाही, जागा त्याचीच राखलेली असते.

मकरपुरा
मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाऊन येता येतं. आमच्या कंपनीनं बाहेरच्या एका पाळणाघराशी करार केलाय, फी तीच भरते. पण वासी उत्तरायणाला कंपनी चालू, पाळणाघर बंद. पैशाचा प्रश्न सुटला, पोरीचा नाही.

दांडियाबाजार
आमच्याकडे आजी. फी नाही. गुरुवारी भजनी मंडळ असतं, तेव्हा आजोबांची ड्यूटी.

अलकापुरी
गोत्रीच्या ताई, जूनपासून एक जागा मिळेल का? मुलगा तोवर दीड वर्षाचा होईल. उत्तरायणाला खुशाल बंद ठेवा, आम्ही दोन्ही दिवस धाब्यावरच (गच्चीवर) असतो. फक्त ती यादी आधी पाठवा.