हळवा चेहरा टिपायचा तर रंग काढलाच पाहिजे का?

खिडकीवाला (धागा सुरू)
नागपुरात जो-तो पोर्ट्रेट काळी-पांढरी करून राहिला, अशी कुरकुर सध्या ऐकू येते. माझं मत उलट आहे. माणूस मनातून उघडा पडतो तो क्षण दाखवायचा असेल तर रंग मध्ये येतो. महाल भागातल्या जुन्या घरांतल्या खोल्या पाहा. पोपटी नाहीतर गुलाबी ऑइलपेंटच्या भिंती, लाल प्लास्टिकची खुर्ची, कोपऱ्यात कूलर. भिंतीचा पोपटी गालावर उतरला की धडधाकट माणूस काविळीचा पेशंट दिसतो, आणि नजर आधी जाते खुर्चीकडे.

पद्धत अशी: उत्तरेकडची खिडकी, तिच्यापासून तीन-चार फुटांवर माणूस, चेहरा खिडकीकडे अर्धा वळलेला. दुसऱ्या बाजूला दोन फुटांवर काळं कापड, म्हणजे भिंतीवरून उसळणारा उजेड ते खातं आणि गालाला खोली येते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, अंतर दीड मीटर. एक मीटरच्या आत शिरलात की नाक फुगतं. तो दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/१.८ वर उघडलं तर या अंतराला जेमतेम ३ सेंमी पट्टा धारदार राहतो, म्हणजे एक डोळा आला की दुसरा गेला. एफ/४ वर साधारण ७ सेंमी मिळतात. शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८००. फाइल रॉ (कच्ची, रंग शाबूत असलेली), पण कॅमेऱ्याचा मागचा पडदा मोनोक्रोमवर (काळा-पांढरा), म्हणजे फोटो काढतानाच करड्या छटांत विचार होतो. नंतर संगणकावर नारिंगी स्लायडर (मूळ नारिंगी छटा करड्यात उजळ-गडद करणारी पट्टी) अधिक १०-१५ वर.

पहिली वीस मिनिटं हाती काही लागत नाही. तो वेळ ‘फोटोवालं हसू’ संपायला लागतो. कॅमेरा तिपाईवर ठेवा, शटर दाबायची केबल हातात घ्या आणि शेजारी उभे राहा. अमेरिकी फोटोग्राफर रिचर्ड अॅव्हेडनने १९७९ ते १९८४ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात ८ बाय १० इंची सुट्या फिल्मचा कॅमेरा वापरला. त्यात फिल्म भरली की काचेतून काही दिसतच नाही, म्हणून तो कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहायचा. समोरचा माणूस लेन्सकडे नाही, त्याच्याकडे बघायचा. पाठीमागे पांढरा कागद, वर सावली, बाकी काही नाही.

रंगारी
खिडकीवाले भाऊ, वीस मिनिटं, दीड मीटर, सगळं कबूल. पण हे सगळं रंगीत फोटोलाही लागू आहे ना? मग रंग काहून काढायचा?

भिंत पोपटी असेल तर माणूस भिंतीपासून सहा फूट पुढे बसवा, ग्रे कार्डवर (करड्या पुठ्ठ्यावर) व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, घ्या, खुर्ची बदला. रंग आवरता आला नाही म्हणून तो पुसायचा, याला मी शैली म्हणत नाही.

आता गावातलीच उदाहरणं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि निळे झेंडे असतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेचा अर्थ त्या निळ्यात आहे. काळ्या-पांढऱ्यात त्याचा नुसता करडा होतो, शेजारच्या लाल दुपट्ट्यासारखाच. मारबतीचं, म्हणजे पोळ्यानंतर मिरवणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या पुतळ्यांचं, तर विचारूच नका. काळी काळीच राहील, पिवळीची पांढरट मारबत होईल!

खरी अडचण पुढेच आहे. एकच फोटोग्राफर लग्न रंगीत काढतो, रामदासपेठेतल्या डॉक्टरांचं पोर्ट्रेट रंगीत काढतो आणि कळमना बाजारातला हमाल मात्र काळा-पांढरा. वर क्लॅरिटी (बारीक तपशील ठळक करणारा स्लायडर) ६०, सुरकुत्या नांगरल्यासारख्या. फोटो २०२४ चा की १९५४ चा तेही कळू नये, अशी सोय. याला हळवेपणा म्हणायचं?

ग्रेन ४००
दोघांच्याही मधून एक गोष्ट सुटून राहिली. तो नारिंगी स्लायडर.

माणसाची कातडी कोणत्याही वर्णाची असो, ती निळ्यापेक्षा लाल उजेड जास्त परत फेकते. म्हणून लाल-नारिंगी वर नेलं की चेहरा उजळतो, डाग आणि पुटकुळ्या विरतात, ओठ गालात मिसळून जातात. तेच खाली नेलं की चेहरा काळवंडतो, प्रत्येक छिद्र दिसतं आणि वय दहा वर्षांनी वाढतं. फिल्मवर हेच काम लाल आणि हिरवा फिल्टर करतात. म्हणजे खिडकीवाल्यांचा ‘१०-१५ वर’ हा सल्ला सरळ गोरं करण्याचा सल्ला आहे, आणि रंगारी ज्यांना शिव्या देतात ते तोच स्लायडर उलटा ओढतात. एका घरची गोरी सून आणि दुसऱ्या घरचा रापलेला हमाल एकाच बटणातून निघतात. माझ्या मते त्वचेचे स्लायडर शून्यावर ठेवा आणि उजेडातूनच काम करा.

एक्स्पोजरचंही तसंच. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर येईल ते १८ टक्के करडं समजतो. सावळा चेहरा फ्रेमभर असला की तो उजळवून बेचव करतो. डोक्यावर पांढरी टोपी किंवा अंगावर पांढरं नऊवारी असलं की चेहरा बुडवतो. स्पॉट मीटर (एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारा) उजेडाकडच्या गालावर धरा. गव्हाळ कातडी शून्यावर, सावळी उणे एक स्टॉप (निम्मा उजेड), गोरी अधिक एक (दुप्पट). सावळ्या चेहऱ्याचा आकार सावलीपेक्षा चकाकीतून कळतो, म्हणून उजेड मोठा आणि बाजूने हवा. मे महिन्यात घाम टिपून घ्या, पण पावडर लावू नका. ती करड्यात खडूसारखी दिसते.

खिडकीवाला
स्लायडरचं मान्य, तो सल्ला मागे घेतो. ओठ विरतात हे मीही पाहायला हवं होतं.

पण रंगारी, दीक्षाभूमीवरची गर्दी हा वृत्तछायाचित्राचा विषय आहे. तिथे निळा हवाच. मी बोलतोय बंद खोलीतल्या एका चेहऱ्याबद्दल. तिथे शर्टाचा रंग सांगतो तरी काय?

रंगारी
शर्ट त्याने स्वतः निवडलेला असतो. फोटो काढायचा म्हणून इस्त्री करून घातलेला असतो. इतकं सांगतो.

ओली फिल्म
थोडं विषयांतर. हे सगळे भांडणाचे मुद्दे डिजिटलचे आहेत. १२० च्या फिल्म रोलवर ६ बाय ६ सेंमीचे बाराच फोटो मिळतात. हात आपोआप थांबतो, माणसाकडे बघणं होतं. एचपी५ प्लस ही काळी-पांढरी फिल्म आयएसओ ४०० वर वापरा आणि डी-७६ डेव्हलपरच्या मूळ (पाणी न वाढवलेल्या) द्रावणात २० अंशाला साडेसात मिनिटं धुवा.

फक्त उन्हाळ्यात नागपूरच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट घेऊ नका. ते पस्तिशीच्या वर असतं. तापमान वाढलं की वेळ घटवावी लागते, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही. आकाशात किंवा कोऱ्या भिंतीवर पट्टे उठतात. टबात बर्फाच्या बाटल्या ठेवून द्रावण २४ वर आणलं तरी चालतं, वेळ साधारण साडेपाच मिनिटं. लोक चुकतात ते पुढे: डेव्हलपर गार आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण), धुण्याचं पाणी कढत. फिल्मवरचं जिलेटिन फुगून मऊ पडतं, बोट लागलं तरी ओरखडा. सगळी पाणी दोन-तीन अंशांच्या आत ठेवा.

इतवारीची ताई
पाण्याचं छान सांगितलं, पण फिल्मने माणसाशी नातं जुळतं हे पटत नाही. अमेरिकी फोटोग्राफर डोरोथिया लँगने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर जी आई टिपली, ती फिल्मवरच होती आणि काळी-पांढरीच. जगात हळव्या चेहऱ्याचं उदाहरण म्हणून तोच फोटो दाखवतात. त्या बाईंचं नाव लँगने विचारलंही नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांसमोर आलं १९७८ मध्ये, आणि तेव्हा त्यांची तक्रार हीच होती की या फोटोतून आपल्याला छदामही मिळाला नाही.

तुम्ही सगळे कातडीवर बोलताय. कळमन्यातल्या हमालाची मजुरी पोत्यांवर असते. लिलाव चालू असताना त्याला वीस मिनिटं बसवलं तर तेवढी पोती गेली. ते पैसे आधी द्या, नाहीतर लिलाव उरकल्यावर जा. फोटो कुठे टांगणार, इंटरनेटवर टाकणार का, हे बसण्याआधी मराठीत सांगा, हिंदी बोलणारा असेल तर हिंदीत. काढलेले सगळे फोटो दाखवा आणि ‘हा नको’ म्हणाला तो त्याच्यासमोर पुसा. ५ बाय ७ ची प्रिंट आठ दिवसांत हातात. माणूस रडला तर कॅमेरा खाली. पुन्हा उचलायचा की नाही ते त्याला विचारून.

रंगारी
ताई, यात एक भर घाला. त्याच फाइलच्या दोन प्रिंट द्या, एक रंगीत, एक काळी-पांढरी. कोणती लावायची ते तो ठरवेल.

खिडकीवाला
आणि वीस जणांपैकी बारा जणांनी रंगीत निवडली तर? भिंतीवर आठ काळ्या-पांढऱ्या, बारा रंगीत. मालिका म्हणून ते उभंच राहणार नाही.

इतवारीची ताई
मग तसंच टांगा. मालिका तुमची आहे भाऊ, चेहरा त्यांचा.

ग्रेन ४००
टांगायच्या आधी हॉलचे दिवे तपासा. इंकजेटवर रंगीत शाईतून काढलेली काळी-पांढरी प्रिंट खिडकीत करडी दिसते, तीच स्वस्त एलईडीखाली हिरवट किंवा जांभळट मारते. शेजारी रंगीत प्रिंट असली की ते लगेच डोळ्यात येतं.