फ्रेंच खेडं, भटारखाना आणि एक मुडदा : तुमचे अनुभव लिहा

पुदिना
काल लेकीने पिझ्झा मागवला. डबा उघडला आणि घरभर असा वास सुटला की सासूबाई उठून गॅसचं बटण बघून आल्या. ट्रफल ऑइल होतं. (ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी. ऑइलमध्ये ती बहुतेक वेळा नसतेच, तेलात कारखान्यात बनवलेला वास मिसळतात. असो.) मला मात्र पुण्यात अलियाँस फ्रांसेजला (फ्रेंचचे वर्ग चालवणारी संस्था) फ्रेंच शिकायला जायचे ते दिवस आठवले. वर्गातली एक मैत्रीण इंग्रजी पॉकेटबुकं आणून द्यायची. सगळ्यांचा साचा एकच. फ्रान्समधलं खेडं, दगडी घरं, आठवड्याचा बाजार, चीजवाल्या बाईच्या तळघरात कुणीतरी मरून पडलेलं, आणि शोध लावणार पोलीस सोडून बाकी सगळे!

मी खुनी शोधत होते की पुढचं जेवण, देव जाणे. बदकाची तंगडी त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजतेय ते तीन पानं, आणि प्रेताच्या वाट्याला अर्धा परिच्छेद. पुढे बाळंतपणात रात्र-रात्र जागताना तीच पुस्तकं परत काढली. रक्तपात नाही, कुत्र्याला काही होत नाही, शेवटी सगळे एका टेबलावर जेवतात. त्या दिवसांत तेवढंच झेपत होतं.

तुम्ही वाचता का असलं काही? कधी, काय करत असताना? त्या गावांत राहिलेले, फिरलेले कुणी असाल तर तेही लिहा. फक्त खुनी कोण ते फोडू नका.

डोंबिवली_फास्ट
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. मी ही पुस्तकं फक्त लोकलमध्ये वाचली. शेजारची म्हणाली काय गं एवढी हसतेस, म्हणून गोष्ट सांगायला लागले, मग पूर्ण ग्रुपला रोज हप्ता. घाटकोपरपर्यंत प्रेत सापडायचं, दादरला संशयित. एक मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, सुनेने केलं असणार. म्हटलं मावशी, यात सून नाहीये. तर म्हणे, येईल. शिट्टी झाली, पळते

सर्किट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बदकाच्या चरबीतले.

तुलूझकर
आम्ही विमानवाल्या नोकरीमुळे इथे, फ्रान्समधल्या तुलूझला. बायको या पुस्तकमालिकांची भक्त, त्यामुळे दर सुट्टीला गाडी पेरिगोर नाहीतर लोत या भागांकडे. लोतमधल्या लालबेंक गावचा ट्रफलबाजार बघा जमलं तर. डिसेंबर ते मार्च, दर मंगळवारी दुपारी. गावच्या मुख्य रस्त्यावर बाकांची रांग, त्यावर टोपल्या, टोपलीत फडक्याखाली काळी ढेकळं. समोर दोरी बांधलेली. वेळ होईपर्यंत गिऱ्हाईक दोरीच्या अलीकडे. मग नुसतं वाकून वास घ्यायचा, नखाने किंचित खरवडून आतली पांढरी जाळी बघायची. भाव कुणी मोठ्याने बोलत नाही. आम्ही उभे होतो तिथे एका आजोबांनी मान हलवली आणि टोपली गाडीच्या डिकीत गेली सुद्धा.

एक तक्रार. काही पुस्तकांत गावचा पोलीसच खून उकलतो. खऱ्यात मेयरच्या हाताखालच्या पोलिसाकडे पार्किंग, बाजारातल्या जागा, भटकी कुत्री एवढंच. खेड्यात खून झाला की जांदार्मरी (ग्रामीण भाग सांभाळणारं देशाचं पोलीसदल) येते, आणि गंभीर प्रकरणात तपास न्यायाधीशाच्या देखरेखीखाली चालतो. पण मग जेवायला वेळ कुणाला असणार, म्हणून लेखक सोडून देत असावेत.

आबा_सांगोला
भाव मोठ्याने बोलत नाहीत हे वाचून बैलबाजार आठवला. उपरण्याखाली बोटं धरायची, दोघांनाच आकडा कळतो. फ्रेंच लोकांना कुणी शिकवलं म्हणायचं?

मनीमाऊ
@तुलूझकर, शाकाहारी माणसाने तिकडे काय खायचं ते लिहा आधी. आम्ही पेरिगोरमधल्या सार्लाला गेलो होतो, सॅलड म्हणून मागवलं तर त्यात बदकाचे गिझर्ड (जठराचे तुकडे). म्हटलं निदान बटाटे द्या, तेही बदकाच्याच चरबीत परतलेले. नवऱ्याने अक्रोडाच्या केकवर दोन दिवस काढले. केक मात्र अफाट होता. अक्रोडाचं तेलही आणलंय, बाटली अजून तशीच आहे. कशात वापरतात?

तुलूझकर
तापवायचं नाही, कडू होतं. कोशिंबिरीवर वरून घाला. बकरीचं गोल चीज पावावर भाजून त्यावर दोन थेंब. आणि बाटली उघडी असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, खवट होतं.

कंदील
डॉक्टर आहे, ओपीडी संपवून लिहितोय. असल्या पुस्तकांत विषारी अळंबी हटकून येते, आणि बरेचदा ती डेथ कॅप या जातीचीच असते. लेखकांना ती का आवडते सांगतो. खाल्ल्यावर साधारण सहा ते बारा तास काहीच होत नाही, कधी त्याहूनही जास्त. मग उलट्या-जुलाब. मग माणसाला चक्क बरं वाटतं! घरचे म्हणतात, बाधलं होतं, उतरलं. आणि आत यकृत निकामी होत असतं. म्हणजे खुनी तोवर दुसऱ्या गावी, जेवणाची भांडी घासून झालेली, बाकीचे पाहुणे धडधाकट. आयती अलिबाय, म्हणजे 'मी तिथे नव्हतोच' म्हणायची सोय. शिजवूनही ते विष जात नाही.

फ्रान्समधली एक गोष्ट मला फार आवडते. फार्मसी शिकताना तिथे अळंबी ओळखायलाही शिकवतात, त्यामुळे रानातून टोपली भरून आणली की लोक औषधाच्या दुकानात नेऊन दाखवतात. आपल्याकडे श्रावणात दोन तरी पेशंट येतातच, "डॉक्टर, दरवर्षी तिथलीच आणतो" म्हणत.

गावकरीण
आमच्या गोव्यात अळमी येतात त्या वारुळावरच्या. आई ओळखायची, मला अजिबात नाही. विकत घेते, भाव ऐकून चक्कर येते तरी घेते. शागोती (वाटणाचा गोवन रस्सा) करते. विषय काय होता? हां, पुस्तकं. एक वाचलं होतं, नाव आठवत नाही, त्यात बेकरीवाला मरतो. की बेकरीवालाच मारतो? छान होतं.

भाकरी_पिठलं
बेकरीवाल्यावरून. कादंबरीत शोभेल असं खरंच घडलंय. पाँ-साँ-एस्प्री, फ्रान्समधलं रोन नदीकाठचं गाव, 1951 चा ऑगस्ट. गावातले अडीचशेच्या वर लोक एकदम आजारी. पोटात कळा, रात्र-रात्र झोप नाही, भास. काही दगावले. संशय गेला बेकरीच्या पावावर. राय या धान्यावर अरगट नावाची बुरशी येते, ती पिठात आली असावी असं तेव्हा मानलं गेलं. नंतर पाऱ्याचं बुरशीनाशक, पीठ पांढरं करायचं रसायन, अगदी गुप्तहेरांचा प्रयोग इथपर्यंत तर्क झाले. एकमत आजही नाही. कोझीवाल्यांनी (असली रक्तपात नसलेली रहस्यं लिहिणाऱ्यांनी) हे शेवटच्या प्रकरणात तीन पानांत उकललं असतं.

मला हे खटकलं कारण अरगट आमच्या बाजरीवर येतो. फुलोऱ्यात पाऊस-ढगाळ राहिलं की कणसातून मधासारखा चिकट थेंब, मग दाण्याच्या जागी काळपट खडे. आजोबा पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकायचे, 10 लिटरला 2 किलो मीठ. वर तरंगेल ते काढून टाकायचं. लहानपणी वाटायचं, बाजरीचं लोणचं घालतायत.

सर्किट
काका, पिठलं-भाकरी खायची इच्छा मेली आज.

भाकरी_पिठलं
खा रे निर्धास्त. पाखडून-निवडून घेतलेली असते.

जगदलपूरची_सून
मराठीच पण सासर बस्तर. आमच्याकडे पहिल्या पावसात सालाच्या झाडाखाली बोडा (रानातली अळंबी) निघतो, जमिनीतून उकरून काढायचा, गोल गोल. सुरुवातीला हजार-दोन हजार रुपये किलो जातो. बायका आपापली झाडं कुणालाच सांगत नाहीत, जाऊबाईला पण नाही. ट्रफलवरून खून का पडतात हे मला कुणी समजावून सांगायला नको 😀

अजून एक. ते नकली ट्रफल असतं ना, चीनमधून येणारं, काळ्या ट्रफलसारखंच दिसतं पण वास नाही, खऱ्यात मिसळून विकतात. त्याच्या शास्त्रीय नावात 'इंडिकम' आहे. 1892 मध्ये नोंद झाली ती आपल्या मसुरीच्या नमुन्यावरून. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे मसुरीला हनिमूनला गेलो तेव्हा सांगायचं ना.

तुलूझकर
@जगदलपूरची_सून, खून पडतातच. द्रोम भागात, ग्रिन्याँजवळ, 2010 च्या डिसेंबरात एका तरुण शेतकऱ्याने रात्री ट्रफलच्या बागेत शिरलेल्या माणसावर गोळी झाडली, माणूस गेला. 2015 मध्ये शेतकऱ्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. आसपासचे बरेच लोक त्याच्या बाजूने उभे राहिले होते. हे कळल्यावर बायको म्हणाली, आता त्या पुस्तकांत ट्रफल आला की आधीसारखी मजा येत नाही. मला उलट वाटतं. त्या लेखकांनी (बहुतेक इंग्रज नाहीतर अमेरिकन, उन्हाळ्यात घर घेऊन राहिलेले) बाजार, वाइन, कुत्रा सगळं बरोबर टिपलंय, फक्त शेतकऱ्याला आपल्या पिकाची रात्रभर किती धास्ती असते ते त्यांच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

आबा_सांगोला
डाळिंबाला राखण करणाऱ्याला विचारा. शब्दाशब्दाला सहमत.

पुदिना
बापरे, एका पिझ्झ्यावरून कुठे पोचलो आपण. @कंदील, अलिबायचं वाचून आज मश्रूम मटर रद्द. @गावकरीण, शागोतीची कृती टाका की वेगळ्या धाग्यात.

वाचनवेडी
उशिरा आले. मी ही पुस्तकं आईच्या केमोच्या वेळी वाचली, वेटिंग रूममध्ये. आईला मोठ्याने वाचून दाखवायचे, तिला अन्नाचा वासही नको होता पण जेवणाची वर्णनं मात्र हवी असायची. "काय काय होतं ताटात, परत सांग." आई आता ठणठणीत आहे, काल पुरणपोळ्या केल्या तिने.

मनीमाऊ
@वाचनवेडी काकूंना नमस्कार सांगा 🙏 पोळ्या इकडे पाठवा

डोंबिवली_फास्ट
परत आले. भात लागला नाही, नशीब. अपडेट: काल मावशींना नवीन पुस्तक सांगायला घेतलं. दुसऱ्याच प्रकरणात वाइनवाल्याची सून पॅरिसहून आली. डबा उसळला आमचा.

रब्बी_खरीप
@भाकरी_पिठलं, ते 2 किलो मिठाचं खरं का हो? बियाणं उगवेल का नंतर?

भाकरी_पिठलं
उगवतं की. मिठाच्या पाण्यात जास्त वेळ ठेवायचं नाही. तरंगलेलं काढलं की तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. काढलेलं गुरांपुढे टाकू नका, त्यांनाही बाधतं. आणि मीठ जाडं घ्या, ताटातलं बारीक कशाला वाया घालवता.