हायब्रिडचे अडीच लाख जास्त मोजावेत का?

वाघोलीकर (धागाकर्ता)

जुनी हॅचबॅक आता विश्रांती मागते आहे. नवीन गाडी ऑटोमॅटिकच हवी, आणि आई-बाबांचे गुडघे बघता जरा उंच. मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाकडची तिची जुळी बहीण हायरायडर आणि मारुतीचीच व्हिक्टोरिस अशा तिन्ही बघून झाल्या. तिन्हींच्या फुल हायब्रिडमध्ये पोटातला ऐवज एकच: तीन सिलिंडरचं दीड लीटर पेट्रोल इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर, आणि डिकीखाली छोटी लिथियम बॅटरी. बाहेरून चार्ज करायची भानगड नाही. ग्रँड व्हिटाराचं कागदावरचं मायलेज लीटरला २७.९७ किलोमीटर.

त्याच गाडीचं साधं ऑटोमॅटिक, ज्याला कंपनी माइल्ड हायब्रिड म्हणते (मोटर इंजिनच्या नुसती मदतीला, एकटी गाडी ओढत नाही), ते घेतलं तर माझ्या कोटेशनप्रमाणे ऑन-रोड अडीच लाख वाचतात. वापर म्हणाल तर आठवड्यातून तीन दिवस वाघोली ते हिंजवडी आणि परत, बाकी दिवस घरून काम. अधूनमधून कोकणात गावी. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरा.

द्यावेत का अडीच लाख? आणि कृपा करून 'ईव्ही घ्या' एवढंच लिहून पळू नका.

हिशेबनीस

नाही. सरळ गणित आहे. साध्या ऑटोमॅटिकला सरासरी १५ धरू, हायब्रिडला २२. कंपनीचे आकडे शोरूममध्येच सोडून यायचे असतात. बारा हजार किलोमीटरला पहिली ८०० लीटर पिणार, दुसरी साधारण ५४५. फरक २५५ लीटर. १०४ रुपयांनी वर्षाला साडेसव्वीस हजार. म्हणजे अडीच लाख वसूल व्हायला साडेनऊ वर्षं, आणि यात कर्जाचं व्याज धरलेलंच नाही.

शिवाय सरकारचा हात तुमच्या पाठीवर नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा दीड लीटरच्या आतल्या या साध्या पेट्रोल गाडीवरचा कर ४५ वरून ४० टक्क्यांवर आला. हायब्रिडचा ४३ वरून ४०. आधी जी दोन टक्क्यांची सवलत होती तीही गेली. महाराष्ट्रात रोड टॅक्सही साध्या पेट्रोल गाडीइतकाच. मी तर थांबलोय. चार मीटरच्या आत, १२०० सीसीच्या आत फुल हायब्रिड आली तर ती १८ टक्क्यांत बसेल, तेव्हा बोलू.

घोडबंदर_रोज

हिशेबनीस, तुम्ही वाघोली-हिंजवडी कधी सकाळी नऊला केलंय का? तिथे साध्या ऑटोमॅटिकला १५ मिळत नाहीत हो. ११ मिळाले तरी साखर वाटा.

मी ठाण्यात हीच हायब्रिड चालवतो. धागाकर्त्याचा वापर वेगळा वेगळा करून बघा. शहरातले ९,००० किमी: साधीला ११, हायब्रिडला २३. ८१८ विरुद्ध ३९१ लीटर. हायवेचे ३,०००: साधीला १७, हायब्रिडला २०. १७६ विरुद्ध १५०. एकूण फरक साडेचारशे लीटर, म्हणजे वर्षाला सत्तेचाळीस हजार. सव्वापाच वर्षांत पैसे परत. दोन्ही वापरांची सरासरी काढून एकच आकडा धरला की हायब्रिडवर हमखास अन्याय होतो, कारण तिची सगळी कमाई गर्दीत आहे.

आणि ज्याचा हिशेब वहीत बसत नाही ते सांगतो. मे महिन्यात सिग्नलला उभे आहात. साध्या गाडीचं इंजिन स्वतःहून बंद झालं की एसीचा कॉम्प्रेसर बंद, दोन मिनिटांत नुसता वारा. म्हणून लोक ते फीचर बटण दाबून बंदच ठेवतात. हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. इंजिन झोपलेलं, एसी चालू. गाडी पुढे सरकते तीही मोटरवर, आवाज न करता. घरी पोचल्यावर बायकोशी नीट बोलता येतं, याची किंमत किती लावणार?

रंकाळा_टू_रत्नागिरी

घोडबंदरवाल्यांचं घोडबंदरला खरं असेल. मी कोल्हापूरहून सतत घाट उतरतो-चढतो. हायवेला शंभरच्या वेगात धरून चाललं की इंजिनच गाडी ओढतं, मोटर फार काही करत नाही. जास्तीच्या पैशाला तिथे काही अर्थ राहत नाही.

घाटात तर कौतुक अजून कमी. आंबोली उतरताना निम्म्या वाटेत बॅटरी फुल्ल. मग उताराची वीज ठेवायची कुठे? इंजिन एकदम हुंकारायला लागतं, शेजारी बसलेला विचारतो 'काय बिघडलं?' आणि चढताना गाडी भरलेली असेल, बॅटरी उतरलेली असेल, तर पाय दाबला की तीन सिलिंडरची घरघर थेट कानात. गाडी चढते, पण ऐकवत नाही.

आणि डिकी! साध्या गाडीला पावणेचारशे लीटरच्या आसपास, हायब्रिडला अडीचशेच्या घरात. कोकणात गाव आहे म्हणता ना? परत येताना आंब्याच्या पेट्या डोक्यावर आणणार का?

वंगण_आणि_वायर

घाटातल्या हुंकाराबद्दल. काही बिघडत नाही. ही बॅटरी जेमतेम ०.७६ युनिटची आहे. दीड टनाची भरलेली गाडी पाच-सहाशे मीटर खाली उतरली की हिशेबाने दोन युनिटांच्या वर ऊर्जा सुटते. टायर आणि हवा त्यातली बरीच खातात, तरी उरते ती या बॅटरीत मावत नाही. मग गाडी जास्तीच्या विजेवर इंजिन नुसतं फिरवते, पेट्रोल न देता, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. उतारावर गिअरचा दांडा 'बी' वर टाकायचा तो त्यासाठीच. हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाच माहीत नसतं.

लोक घाबरतात ते 'गुंतागुंतीची मशिनरी' म्हणून. उलट आहे. हिच्या गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात, पण आत पट्टा नाही, क्लच नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती ग्रहांसारखी फिरणारी दातेरी चाकं) आणि दोन मोटरी. टोयोटा हे तत्त्व १९९७ पासून वापरते आहे. बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. ब्रेक पॅडही निवांत टिकतात.

काळजी दोनच गोष्टींची घ्या. बॅटरीला गार ठेवणारी हवा जिथून आत जाते ती जाळी डिलिव्हरीच्या दिवशी दाखवायला लावा आणि त्यावर उशी-पिशवी कधी ठेवू नका. दुसरी, साधी बारा व्होल्टची बॅटरी. गाडी महिनाभर न हलवता ठेवली तर ती उतरते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. आजोबा असूनही नातवाच्या सहीशिवाय काम अडावं तसं.

प्लग_लावा

एक वाक्य लिहून पळत नाही, चार लिहितो. ईव्हीवर जीएसटी ५ टक्के, हायब्रिडवर ४०. महाराष्ट्रात ईव्हीला रोड टॅक्स माफ, वरून अटल सेतूवर टोल नाही. याच बजेटमध्ये आज बऱ्यापैकी मोठ्या बॅटरीच्या गाड्या मिळतात. रोजचं साठ किलोमीटर रनिंग, रात्री घरी गाडी उभी, याहून आदर्श ईव्ही-गिऱ्हाईक कुठलं? तुम्ही पेट्रोलपंपाची रांग सोडायला तयार नाही, एवढाच विषय आहे.

वाघोलीकर

विषय एवढाच नाही. माझं पार्किंग खुलं आहे, मीटरपासून चार बिल्डिंग लांब. सोसायटीच्या सभेत चार्जरचा ठराव मांडला की एक काका आग लागल्याचे व्हिडिओ दाखवतात आणि पुढचा विषय सुरू होतो. कायद्याने हक्क आहे हे मला ठाऊक आहे, पण नवी गाडी दारात आणि भांडण वर्षभर, हे नको.

प्लग_लावा

मग भांडा! कुणीतरी पहिल्यांदा भांडल्याशिवाय कुठल्याच सोसायटीत पाण्याचं मीटरसुद्धा बसलेलं नाही.

लखनौचा_कुलकर्णी

इकडचं गणित वेगळं होतं. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये फुल हायब्रिडची नोंदणी-कर माफी जाहीर केली, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या लोकांनी रांग लावली. सोळा-सतरा लाखांच्या गाडीमागे दीड लाखाच्या वर वाचत होते. म्हणजे ज्या फरकावर तुम्ही सगळे भांडताय तो निम्म्याहून कमी झाला होता. तेव्हा 'हायब्रिड परवडते का' याचं उत्तर गाडीत कमी आणि आरटीओत जास्त आहे. तिकडच्या नंबरप्लेटचा मोह मात्र कुणाला व्हायला नको, पुण्यात कायम राहायचं तर कर पुण्यातच भरावा लागतो.

हिशेबनीस

कुलकर्ण्यांनी माझंच म्हणणं मांडलं. घोडबंदरवाले, तुमचे ११ आणि २३ मान्य करतो. तरी सव्वापाच वर्षं झाली, आणि ती केव्हा, जर पुढची सव्वापाच वर्षं धागाकर्त्याला हिंजवडीला जायला लागलं तर. आयटीवाल्यांची नोकरी बदलते, ऑफिस बदलतं, उद्या हिंजवडीपर्यंत मेट्रो सुरू होऊन गाडी घरीच राहते. वर्षाला सहा हजार किलोमीटरवर आलं की दहा वर्षं. जो जितका जास्त अडकतो त्याला तितकी स्वस्त, असली ही गाडी.

घोडबंदर_रोज

आणि मेट्रो सुरू व्हायच्या भरवशावर गाडी निवडायची? पुण्यात?

वाघोलीकर, एवढं करा. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या वेळेनुसार घेऊ नका. दुपारी रिकाम्या रस्त्यावर, बॅटरी भरलेली, एकटे तुम्ही आणि सेल्समन, यात प्रत्येक हायब्रिड गोडच वाटते. तुमच्या वेळेला, तुमच्या रस्त्यावर, घरची चारही माणसं बसवून मागा. नाही म्हणाले तर दुसरा डीलर बघा. साधी ऑटोमॅटिक पण लगेच पाठोपाठ चालवा. मागच्या सीटवर वडिलांना बसवा, छताला डोकं लागतं का ते त्यांनाच विचारा, सेल्समनला नाही.

वंगण_आणि_वायर

आणि टेस्ट ड्राइव्हला एखादा चढ घ्या. चांदणी चौकाकडे चढताना एसी पूर्ण ठेवून पाय दाबा. तो आवाज सहन झाला तर बाकी कशाला हरकत नाही.

वाघोलीकर

आज हट्टाने सकाळची वेळ मिळवली. खराडी ते विश्रांतवाडी, सगळी गर्दी अंगावर घेतली. मीटरवर २४ च्या पुढे दाखवत होतं. साधी ऑटोमॅटिक त्याच रस्त्यावर १२ च्या आत. मीटर थोडं फुगवून सांगतं हे धरलं तरी घोडबंदरवाल्यांचे आकडे फार लांब नाहीत. चढावर घरघर आहे, रंकाळावाले खोटं बोलत नाहीत. बाबा म्हणाले, 'आपल्या जुन्या रिक्षापेक्षा कमी आहे.' डोकं लागत नाही, पण मध्ये तिसरं माणूस बसवलं की आईची कुरकुर.

डिकीत घरची मोठी बॅग आडवी ठेवून पाहिली. एक बसली, दुसरी उभी करावी लागली, मग मागचं काही दिसेना. आंब्याच्या पेट्यांचं काय करायचं ते कळत नाहीये.

रंकाळा_टू_रत्नागिरी

छताला कॅरिअर लावा आणि हायवेचं मायलेज विसरा.

हिशेबनीस

किंवा साधी घ्या, आणि वाचलेल्या अडीच लाखांत आंबे कुरिअरने मागवा. आयुष्यभर पुरतील.

घोडबंदर_रोज

गावचा आंबा कुरिअरने मागवणाऱ्या माणसाचा हिशेब आम्ही ऐकत नाही. बुकिंग केव्हा करताय ते सांगा, आणि विमा डीलरकडून घेऊ नका, बाहेरचं कोटेशन आधी हातात ठेवा.