जुनी यादी, नवा पायथन: नमपाय इन्स्टॉल होत नाही

प्रश्न (नाशिकरोड)

मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून लासलगाव बाजार समितीतील कांद्याच्या किमान, कमाल आणि सर्वसाधारण भावांवर प्रकल्प करीत आहे. आधीच्या तुकडीने ठेवलेल्या कोडसोबत पॅकेजांची यादी मिळाली आहे आणि तीत नमपाय १.२३.५ (आकडेमोडीचे पॅकेज) व पांडाज १.५.३ (तक्त्यांतील माहिती हाताळणारे, नमपायवर आधारलेले पॅकेज) अशी नोंद आहे. विंडोजवर पायथन ३.१२ टाकून पिपला (पायथनची पॅकेजे बसवणारे साधन) ती यादी दिली असता बराच लाल मजकूर येतो आणि शेवटी ‘सबप्रोसेस एक्झिटेड विथ एरर’ म्हणून सारे थांबते. पिप आणि सेटअपटूल्स (पॅकेज बांधण्याचे साधन) अद्ययावत करूनही फरक पडला नाही. व्हिज्युअल सी प्लस प्लसची बिल्ड टूल्स (कंपायलर व त्याची साधने) घ्यावीत असे वर्गमित्र म्हणतो, पण ती काही जीबींची आहेत आणि माझे सारे काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. ती घ्यावीत का?

उत्तर १ (सातपूर)

घेऊ नका. शेवटची ओळ काम बिघडले एवढेच सांगते, कारण तिच्या बरेच वर असते. तिथे पायथनच्या ‘पीकेजीयुटिल’ या अंगभूत मॉड्यूलमध्ये ‘इम्पइम्पोर्टर’ नाही, अशा अर्थाची तक्रार आहे का ते पाहा.

नमपाय १.२३.५ ची तयार व्हील (आधीच बांधलेली, थेट बसणारी पॅकेजे) पायथन ३.८ ते ३.११ पर्यंतच उपलब्ध आहेत. ३.१२ साठी व्हील न सापडल्याने पिप मूळ कोड उतरवून तुमच्याच संगणकावर बांधायला घेतो. ती बांधणी तो वेगळ्या तात्पुरत्या वातावरणात करतो आणि तिथे नमपायने स्वतः ठरवून दिलेली सेटअपटूल्सची जुनी आवृत्ती बसवतो, म्हणून तुम्ही बाहेर केलेले अद्ययावतीकरण तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. ती जुनी आवृत्ती ज्या गोष्टींवर विसंबून आहे, त्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून काढून टाकल्या आहेत. पॅकेज बांधण्याचे जुने अंगभूत मॉड्यूल डिस्टयुटिल्सही त्याच वेळी गेले. कंपायलर असूनही इथे उपयोग नाही.

पायथन ३.११.९ घ्या. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर असलेली ३.११ ची ती शेवटची आवृत्ती आहे, तिच्यानंतरच्या ३.११ च्या आवृत्त्या केवळ मूळ कोडच्या रूपात येतात, हे ठाऊक नसल्याने अनेकजण संकेतस्थळावर उगीच शोधत बसतात. ३.१२ काढण्याची गरज नाही. ‘पाय’ लाँचरला (विंडोजवर हवी ती पायथन आवृत्ती चालवणारी आज्ञा) ३.११ सांगून त्याचे स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (फक्त या प्रकल्पाची पॅकेजे ठेवणारी वेगळी जागा) तयार करा आणि यादी त्यातच चालवा.

प्रश्नकर्ता

३.११.९ वर सर्व इन्स्टॉल झाले, पण पांडाज इम्पोर्ट करताच ‘नमपाय डीटाइप साइझ चेंज्ड’ अशी नवीच त्रुटी येते. सांगायचे राहिले: मधल्या खटपटीत मी यादीतून नमपायची ओळ काढली होती.

उत्तर २ (पंचवटी)

गाठ त्या ओळीतच आहे. पांडाज १.५.३ नमपायची किमान आवृत्ती मागते, कमाल मर्यादा घालत नाही. त्यामुळे ओळ नसताना पिपने नमपाय २ मालिकेतील आवृत्ती आणली. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० ने सी भाषेच्या स्तरावरील अंतर्गत रचना बदलली आणि जुन्या रचनेवर बांधलेले पांडाजचे व्हील तिच्याशी जुळत नाही. इन्स्टॉल करताना पिप फक्त घोषित अटी तपासतो, म्हणून हा दोष इम्पोर्टच्या वेळीच उघडा पडतो. काढलेली ओळ परत घालून यादी पुन्हा चालवा.

उत्तर ३ (सिडको)

मी मात्र कोडच नवा करण्याच्या बाजूचा आहे, कारण जुन्या आवृत्त्या धरून ठेवल्या की पुढच्या तुकडीला हीच अडचण येणार. पांडाज २.० मध्ये डेटाफ्रेमचे (पांडाजमधील तक्ता) ‘अपेंड’ हे ओळी जोडणारे फंक्शन काढले आहे. रोजचे भाव जोडण्यासाठी ते वापरले असेल, तर तेथे ‘कॉन्कॅट’ हे पर्यायी फंक्शन करावे लागेल. सादरीकरण जवळ असेल, तर सध्या याला हात लावू नका.

प्रश्नकर्ता

ओळ परत घातली, इम्पोर्ट झाले. ‘अपेंड’ चार ठिकाणी सापडले. सादरीकरण सोमवारी आहे, त्यामुळे कॉन्कॅट त्यानंतर. यादीच्या पहिल्या ओळीत पायथन ३.११.९ अशी टीप मात्र लिहून ठेवली आहे.