रोप ॲक्सेस लेव्हल १ : क्लोव्ह हिच हातातून निसटते, कुठे चुकतंय?

दोरवाला_७
आयराटाच्या (दोरावर लटकून उंचावर काम करणाऱ्यांची संघटना) लेव्हल १ ला बसतोय. चार दिवस ट्रेनिंग, पाचव्या दिवशी असेसमेंट. आठाची, नवाची, बॅरल, अल्पाइन बटरफ्लाय या गाठी जमतात. घोळ हिचेसमध्ये (पाइप किंवा कडीभोवती वळवून बसवायच्या गाठी) आहे. क्लोव्ह कधी लागते, कधी कॅराबिनरवरून (उघडझाप होणारी धातूची कडी) नुसती गळून पडते, तर कधी मुंटरच (दोरी ब्रेक लावत सोडायची हिच) तयार होते. घरी ६ मिमी कॉर्डवर सराव करतो. नेमकं काय बघायचं?

कडेकपारी
चूक वेढे घालताना होत नाहीये, ते एकमेकांवर ठेवताना होतेय. दोरी आडवी धरा. एक वेढा असा घाला की उजवीकडची दोरी डावीकडच्या दोरीवरून जाईल. त्याच्या उजवीकडे अगदी तसाच दुसरा. आता:

उजवा वेढा डाव्याच्या मागे सरकवला = क्लोव्ह.
पुढे ठेवला = नुसते दोन पीळ. हेच गळून पडतात.
दोन्ही पुस्तकासारखे मिटवले = मुंटर.

दुसरा वेढा उलटा पडला तर काऊ हिच होऊ शकते. ओळखायची खूण: क्लोव्हमध्ये एक तिरकी दोरी वरून जाते आणि दोन्ही टोकं तिच्याखालून विरुद्ध बाजूंना निघतात. काऊमध्ये दोन्ही टोकं एकाच बाजूला.

हार्नेस_आणि_चहा
आधी ती ६ मिमी कॉर्ड बाजूला ठेवा. कामाची दोरी साधारण १०.५-११ मिमी सेमी-स्टॅटिक (भाराखाली फार न ताणणारी) असते, बरीच ताठ. पातळ कॉर्डवर आपोआप नीट बसणारी गाठ तिच्यावर फुगून राहते. तीन-चार मीटरचा जुना तुकडा मिळवा आणि हातमोजे घालूनच बांधा. बांधून झाल्यावर पीळ सरळ करायचे, मग प्रत्येक दोरी वेगवेगळी ओढून गाठ आवळायची. शेपूट (गाठीबाहेर उरणारं टोक) किमान १०० मिमी, दोर संपतो तिथल्या स्टॉपर गाठीखाली ३०० मिमी. (टेप शोधत बसू नका, वीत वापरा. आपली वीत किती मिमी ते मात्र एकदा मोजून ठेवा.)

मुंटरला नाशपातीच्या आकाराचा लॉकिंग कॅराबिनर हवा, कारण भाराची दिशा बदलली की ती आरपार उलटते आणि अरुंद कॅराबिनरमध्ये अडकते. हाताकडची दोरी गेटवर घासू देऊ नका, स्क्रू फिरून उघडू शकतो. दोरीला पीळ पडतो, तो पडणारच.

दोरवाला_७
मागे-पुढेच चुकत होतं! मग मेन दोर अँकरला (दोर जिथे बांधतो तो पक्का आधार) क्लोव्हने बांधला तर? लांबी कमी-जास्त करायला सोपं.

कडेकपारी
नको. गुळगुळीत पाइपवर क्लोव्ह सरकते, पाइप फिरला तर उलगडते, आणि भार येत-जात राहिला की ढिली होते. मेन आणि बॅकअप दोन्ही दोरांना आठाची किंवा नवाची, दोन अँकरवर भार वाटायचा तर दुहेरी आठाची. क्लोव्ह हत्यारं वर ओढायला, तीही मागे दोन हाफ हिच मारून. कॅराबिनरवर घातली तर भाराची दोरी गेटच्या समोरच्या, पाठीच्या बाजूला ठेवा.

हार्नेस_आणि_चहा
+१. आणि काऊज टेलच्या (हार्नेसपासून कॅराबिनरपर्यंतचा आखूड दोर) कॅराबिनरकडच्या टोकाला बॅरलच, क्लोव्ह कधीच नाही. बॅरल कॅराबिनरला घट्ट धरून त्याला आडवं फिरू देत नाही आणि झटका बसला तर थोडी सरकून जोर खाते.