अर्ध्यातून हाकलून न देणारी सर्व्हे साइट आहे का कुठे?

तीनटाकीवाली (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मला घरबसल्या लाखो कमवायचे नाहीयेत. मुलगा साडेबाराला शाळेत जातो. सासरे पहाटेपासून एपीएमसीत असतात, दुपारी येतात, जेवतात आणि आडवे होतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून मिक्सर बंद, टीव्ही बंद, कुकरसुद्धा नाही. या दोन-अडीच तासांत आवाज न करता करता येईल असं एकच काम मला सापडलं, मोबाइलवर सर्व्हे भरायचे.

तीन आठवडे झाले. दुधाच्या हिशेबाच्या जुन्या वहीत मागच्या पानांपासून लिहून ठेवलंय. एकूण ४६ सर्व्हे उघडले. पूर्ण झाले ११. 'तुम्ही पात्र नाही' म्हणून २० वेळा बाहेर. 'कोटा पूर्ण झाला' म्हणून १२ वेळा. तीन नुसतेच गोल गोल फिरत राहिले. वेळ गेला साधारण १४ तास, पॉइंट जमले ३४० रुपयांचे, आणि ते काढायला कमीत कमी ५०० लागतात. म्हणजे हातात शून्य.

पहिल्या दोन प्रश्नांत नाही म्हणाले तर माझी काही तक्रार नाही. पण परवा शाम्पूचा एक सर्व्हे होता. १९ मिनिटं भरला. केस कोरडे की तेलकट, पुडी घेता की बाटली, वास आवडतो की फेस, सगळं सगळं सांगितलं. वरची पट्टी ८२ टक्क्यांवर आली आणि मग 'क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही'. अहो, मग १९ मिनिटं मी काय आरती ओवाळत होते? नवरा म्हणतो, तुला लग्नाला बोलावतात आणि जेवणाच्या पंगतीतून उठवतात. तो रबाळे एमआयडीसीत एका क्रीम-पावडरच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो, त्याला विनोद सुचतात.

चार साइट करून झाल्या. कमी हाकलणारी कुठली आहे, कुणाला अनुभव असेल तर सांगा. लिंकवर रेफरलचे पॉइंट मिळवायला येणाऱ्यांनी कृपया येऊ नये.

---

वाशीचा_बंड्या

३४० भागिले १४. तासाला चोवीस रुपये आणि थोडे पैसे. ताई, आमच्या बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला तेवढे एका पँट-शर्टात काढतो.

---

तीनटाकीवाली

इस्त्री करायला हरकत नाही हो, पण आमच्या दीड खोलीत कपडे लोकांचे ठेवू की माणसं घरची?

---

विटावा_नाका (ठाणे)

ताई, मी ऑनलाइन सर्व्हे भरणारा नाही, पण पलीकडच्या बाजूचा माणूस आहे. मार्केट रिसर्चच्या फील्डवर सात वर्षं काढली, सगळी ठाण्यात. आधी कागदाची प्रश्नावली, नंतर टॅब्लेट. तुम्हाला जे 'पात्र नाही' येतं त्याला आमच्यात टर्मिनेट म्हणतात. संध्याकाळी सुपरवायझर विचारणार, "किती?" आपण सांगायचं, "चार झाले, अकरा टर्मिनेट." त्या अकरांचे आम्हालाही पैसे नव्हते. त्यामुळे तुमचं दुःख मला पाठ आहे.

हाकलत नाही अशी साइट शोधू नका, ती नसते. कंपनी सांगते, मला अमुक शहरात २०० बायका द्या, २५ ते ३५ वयाच्या, महिन्याभरात अमुक वस्तू घेतलेल्या, आणि त्यातल्या इतक्या या वर्गातल्या, इतक्या त्या. पैसे ती पूर्ण झालेल्या प्रश्नावलीचे देते. बाकीच्यांना कुणी काही देत नाही. लोकमान्यनगरला लोक सतरंजी अंथरून चहा विचारायचे, आणि तिथला माझा कोटा अकरा वाजताच भरलेला असायचा. घोडबंदर रोडच्या टॉवरमधले नमुने कमी पडायचे, तिथे वॉचमन लिफ्टपर्यंत पोचू देत नसे. भेटायला उत्सुक असलेली माणसं नेहमी जास्तच झालेली असतात. ऑनलाइनही तेच आहे. दुपारी मोकळ्या असलेल्या, मन लावून उत्तरं देणाऱ्या गृहिणी भरपूर. त्यामुळे तुमचा खण आधी भरतो.

आता 'वर्ग' कसा ठरतो ते सांगतो, कारण तुमची खरी अडचण मला तिथे दिसते. पगारावरून नाही ठरत. पगार कुणी खरा सांगत नाही. २०११ मध्ये एनसीसीएस नावाची पद्धत आली. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण विचारायचं आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत ते मोजायचं: वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, मोटार, एसी आणि अकरावी शेतजमीन. त्या दोन्हींचा तक्ता असतो, त्यावरून ए१ पासून ई३ पर्यंत बारा खाने.

तुमच्या घरात सासरे कमावते, नवराही कमावता. 'मुख्य कमावता' म्हणून तुम्ही दर वेळी कुणाचं नाव धरता? एकदा नवऱ्याचं आणि एकदा सासऱ्यांचं शिक्षण लिहिलंत तर तुमचं घर दोन वेगवेगळ्या खान्यांत जातं. प्रोफाइलमध्ये एक आणि सर्व्हेत दुसरं आलं की मशीनला वाटतं बाई खोटं बोलतेय. फील्डवर असताना अशा वेळी सुपरवायझर फोन करून उलटतपासणी करायचा, त्याला बॅक-चेक म्हणत. इथे फोन कुणी करत नाही, सरळ बाहेर काढतात.

दुसरं, तुम्ही सहज लिहून गेलात की पती क्रीम-पावडरच्या कंपनीत आहेत. जवळपास प्रत्येक प्रश्नावलीच्या सुरुवातीला असतं: घरातलं कुणी जाहिरात, मार्केट रिसर्च, वृत्तपत्र-टीव्ही, किंवा ज्या वस्तूबद्दल विचारतोय ती बनवणाऱ्या-विकणाऱ्या धंद्यात आहे का? असेल तर टर्मिनेट. धंद्यातल्या माणसाचं मत धंद्याचं असतं, आणि प्रश्नावलीतल्या नव्या वस्तूची बातमी स्पर्धकाकडे जायची भीती असते. खरं उत्तर दिलंत तर साबण, क्रीम, शाम्पू यांचे सर्व्हे तुमच्यासाठी बंदच समजा. वहीत बघा, ते वीस कशाकशाचे होते.

१९ मिनिटांनंतर काढलं त्याचं मात्र मी समर्थन करणार नाही. कधीकधी तुम्ही भरत असतानाच शेवटची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असते. कधी मधल्या सापळ्यात पाय अडकतो: 'या ओळीत पूर्ण सहमत निवडा' असं लिहिलेलं असतं आणि आपण वाचलेलं नसतं, किंवा ब्रँडच्या यादीत अस्तित्वातच नसलेलं एक नाव घुसवलेलं असतं आणि आपण 'वापरते' म्हणून टिकमार्क करतो. पण पात्रतेचा प्रश्न ८२ टक्क्यांवर विचारणं हा शुद्ध आळस. तशी साइट दोनदा भेटली की तिसऱ्यांदा उघडायची नाही.

---

खारघर_हिलटॉप

काका एवढं मोठं लिहिलंत पण सोपा उपाय नाही सांगितला. सगळ्यांना माहितीय की गाडी आहे, आयटीत आहे, परदेशात फिरतो असं टाकलं की सर्व्हे येतात. मी सेकंड इयरला असताना प्रोफाइलमध्ये ३८ वर्षांचा मॅनेजर होतो, दोन मुलं. मस्त चालू होतं. मग एका सर्व्हेत मुलांची वयं विचारली, मी ४ आणि ७ टाकली. दोन महिन्यांनी दुसऱ्यात परत विचारली, मी ९ आणि १२ टाकली. रूममेटचंही त्याच वायफायवर खातं होतं, तोही मॅनेजर. अठराशे रुपयांच्या पॉइंटसकट दोन्ही खाती बंद. मेल केला, उत्तर आलं नाही.

---

विटावा_नाका

दोन महिन्यांत मुलं पाच-पाच वर्षांनी वाढली, शाळेची फी वाचली की बाळा.

---

घणसोलीची_निशिगंधा

ताई, माझ्याकडची माहिती देते, रेफरल नाही.

गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स मी बरीच वर्षं वापरते. सर्व्हे अगदी छोटे, दोन-चार प्रश्नांचे. अर्ध्या तासाने हाकलण्याचा प्रश्न येत नाही कारण अर्धा तास नसतोच. लोकेशन चालू ठेवावं लागतं. बाजारात जाऊन आलं की विचारतं, यांपैकी कुठल्या दुकानात गेला होतात. पण पैसे थोडे, आणि आपल्याकडे ते प्ले स्टोअरच्या क्रेडिटमध्ये मिळतात, बँकेत येत नाहीत. क्रेडिट वर्षभरात वापरावं लागतं. मी त्यातून फोटोंसाठी जागा घेते आणि मुलीला एखादं ई-पुस्तक. भाजी नाही येत त्यात.

यूगव्हवर माझा अनुभव बरा आहे. ही मूळची ब्रिटनमधली कंपनी. तुमची माहिती आधीच घेऊन ठेवतात आणि त्यावरून बोलावतात, त्यामुळे पाठवलेला सर्व्हे बहुतेक वेळा पूर्ण होतो. मात्र पैसे काढण्याइतके पॉइंट जमायला फार दिवस लागतात. धीर हवा.

विद्यापीठातल्या संशोधकांचे सर्व्हे ज्यावर येतात त्या प्रोलिफिकबद्दल ऐकलं असेल. तिथे चाळणी निमंत्रणाच्या आधी लागते, म्हणून तक्रारी कमी. पण सगळ्या देशांतल्यांना घेत नाहीत, नाव घालण्याआधी त्यांच्या यादीत भारत आहे का ते बघा, उगीच तास घालवू नका.

ज्या साइट एका सर्व्हेतून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ढकलत नेतात आणि दर दारात परत वय, पिनकोड विचारतात, त्यांच्यापासून लांब राहा. त्या स्वतः काही विचारत नसतात, चार घरचे सर्व्हे आणून समोर ठेवतात. एका दाराचं उत्तर दुसऱ्याला कळत नाही.

आणि मेल आला की लगेच उघडायचा. दुपारची वाट बघत बसलात की कोटा भरलाच.

---

ऐरोलीकर७०८

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. असे धागे वाचून कुणीतरी इनबॉक्समध्ये येतं आणि टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतं. 'इथे कुणी अपात्र होत नाही.' खरंच नाही होत! माझ्या बायकोला हॉटेलांना पाच स्टार द्यायचं काम दिलं. पहिल्या दिवशी १५० रुपये, दुसऱ्या दिवशी ३००, दोन्ही खात्यात आले. तिसऱ्या दिवशी 'प्रीमियम टास्क'साठी २,००० भरा, २,८०० मिळतील. मिळाले. मग ११,०००. ते गेले. परत मिळवायला आणखी १८,००० मागितले तेव्हा तिने मला सांगितलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, पण आम्हाला चार दिवस उशीर झाला होता. फोन लगेच केला तर पैसे वाटेत अडवता येतात म्हणे.

सर्व्हेवाला पैसे देतो, मागत नाही. आधार, ओटीपी यांचं तर नावच नको.

---

तीनटाकीवाली

महिन्याने आलेय, माफ करा, मध्ये मुलाच्या परीक्षा होत्या.

विटावा काका, वही घेऊन बसले. २० पैकी ९ साबण, शाम्पू आणि चेहऱ्याच्या क्रीमचे निघाले. नवऱ्यामुळे! त्याला वाचून दाखवलं तर म्हणतो, मग मी राजीनामा देऊ का. आणि मुख्य कमावत्याचंही तुमचं खरं ठरलं. मी मनात येईल तसं लिहीत होते, ज्याच्यावर त्या दिवशी राग नसेल त्याचं नाव. आता चारही ठिकाणी सासऱ्यांचं शिक्षण टाकलं, कारण घर खऱ्या अर्थाने तेच चालवतात. सातवी. त्यामुळे सर्व्हे कमी येतात असं वाटतंय, पण येतात ते टिकतात.

दोन साइट काढून टाकल्या, त्यातली एक ती ८२ टक्केवाली. उरलेल्या दोन आणि निशिगंधाने सांगितलेलं यूगव्ह, एवढंच ठेवलंय. या महिन्यात ३१ उघडले. १७ पूर्ण, ९ अपात्र, ५ कोटा. वेळ आठ तास, ५१० रुपयांचे पॉइंट. बंड्याभाऊ, तासाला चौसष्ट रुपये होतात, इस्त्रीवाल्याला सांगा. जुने ३४० मधले १२० काढलेल्या साइटवर अडकले ते अडकले. बाकीचे धरून पहिल्यांदाच ५०० चं व्हाउचर हातात आलं, त्यातून मुलाला पावसाळी बूट घेतले.

ऐरोलीकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मला दोन मेसेज आलेच होते. एकीने तर 'ताई' म्हणून लाडाने सुरुवात केली.

शिवाय एक वेगळंच झालं. शेजारच्या काकूंच्या ओळखीतून वाशीला एका ग्रुप डिस्कशनला गेले. आठ बायका, दोन तास, चहा-समोसा आणि विषय मसाले. फोनवरच सगळी चाळणी केली, सहा महिन्यांत अशा बैठकीला बसलाय का तेही विचारलं, त्यामुळे तिथे गेल्यावर परत पाठवायचा प्रश्न नव्हता. ७०० रुपये पाकिटात. पण आता सहा महिने बोलावणार नाहीत.

काका, तुमची ती अकरावी गोष्ट मात्र महागात पडली. शेतजमीन आहे की नाही ते मला माहीतच नव्हतं, म्हणून एका सर्व्हेत अडले आणि सासऱ्यांना विचारलं, "बाबा, पाटणची जमीन आपल्या नावावर आहे ना?" ते झोपेतून उठून बसले. "कोण विचारतंय?" म्हटलं, मोबाइल विचारतोय. तेव्हापासून रोज संध्याकाळी गावी धाकट्या भावाला फोन करून सातबारा काढ म्हणतायत, आणि दुपारी झोपायचं सोडून माझ्या मोबाइलकडे बघत बसतात.